दातांची स्प्लिंट

दातांची स्प्लिंट : वरच्या किंवा खालच्या दातांवर बसणारी, काढता-घालता येणारी ॲक्रिलिकची पट्टी. रुग्णांच्या तोंडी ‘नाइट गार्ड’ हेच नाव अधिक. झोपेत दात खाणे, गाल व कानशील दुखणे, कानापुढचा सांधा दुखणे किंवा वाजणे अशा तक्रारींवर ती देतात. नवी मुंबईत नेरूळ, बेलापूर, खारघर व कामोठे येथे दंत महाविद्यालये आहेत. तिथे माप देऊन ती करून घेता येते.

जबडा मिटणाऱ्या स्नायूंपैकी दोन हाताला लागतात : गालातला चर्वणस्नायू आणि कानशिलावरचा शंखक. दात आवळून बोटे ठेवली की ते टणक झालेले कळतात. कडक, सपाट पट्टी मागच्या दातांमध्ये साधारण २ ते ३ मिमी अंतर पाडते. दाढांचे उंचवटे एकमेकांत रुतत नाहीत, भार सगळीकडे सारखा पडतो, आणि सुरुवातीला बऱ्याच जणांत या स्नायूंची विद्युत्-क्रिया कमी झालेली नोंदली जाते. हा फरक बहुधा काही आठवड्यांपुरताच असतो. झोपेत दात खाण्याचा उगम मेंदूत आहे. झोप क्षणभर हलकी होते तेव्हा जबडा चालू लागतो. मूल दात खाते म्हणजे जंत झाले, असे घरोघरी म्हणतात, पण तेवढ्यावरून औषध देऊ नये. पट्टी दात खाणे बंद करत नाही, दातांऐवजी स्वतः झिजते. रुग्णाला हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे.

सांध्यात खालच्या जबड्याचा गोल शेंडा कवटीच्या खोबणीत बसतो आणि मध्ये तंतुमय चकती असते. तोंड उघडताना शेंडा आधी जागीच फिरतो, मग चकतीसह पुढे घसरतो. सपाट पट्टीने तो किंचितच हलतो. स्नायू सैल पडले की मात्र जबडा थोडा वेगळ्या जागी मिटू लागतो आणि कालपर्यंत सारखा वाटणारा भार एकाच दाढेवर येतो. म्हणूनच आठवडा-पंधरवड्याने पुन्हा बोलावून, रंगीत कागद चावायला देऊन, जास्त भार पडतो तिथे पट्टी घासावी लागते. ही भेट चुकवू नये. अर्धे काम तिथेच होते.

१९३४ मध्ये अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी मांडले, की दाढा गेल्यावर शेंडा मागे सरकून कानाजवळच्या नसांवर दाब येतो. शरीररचनेच्या पुढील अभ्यासात हे टिकले नाही; जबडा ‘योग्य जागी’ बसवण्याची ओढ मात्र उरली. जबडा मुद्दाम पुढे धरणाऱ्या पट्टीत शेंडा पुढे सरकलेल्या चकतीवर बसतो आणि सांध्याचा ‘कट्ट’ आवाज थांबतो. पट्टी काढली की आवाज अनेकदा परत येतो. ती महिनोन्‌महिने दिवसरात्र वापरली तर वरच्या-खालच्या दाढा कायमच्या एकमेकींना टेकेनाशा होऊ शकतात, मग भाकरीही नीट चावत नाही. न दुखणाऱ्या आवाजासाठी ही किंमत मोजू नये. फक्त पुढचे दात झाकणाऱ्या पट्टीचाही असाच धोका आहे : आधार नसलेल्या दाढा हळूहळू वर-खाली सरकतात. घोरणे व झोपेत श्वास अडण्यावरचे साधनही जबडा पुढे धरते, पण तिथे हेतू श्वासमार्ग मोकळा ठेवण्याचा असतो. दातांत होणारा बदल पाहत राहावे लागते.

पट्टी गार पाण्याने धुवावी. गरम पाण्याने ती वाकते आणि जुळवलेला भार बिघडतो. पुढच्या तपासणीला येताना ती बरोबर आणावी, कारण तिच्यावरचे चकचकीत ओरखडे जबडा रात्री कुठे-कुठे फिरला ते दाखवतात.