दीर्घिकांचे आकारानुसार वर्गीकरण

तारे, वायू, धूळ आणि कृष्णद्रव्य (न दिसणारे, पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारे द्रव्य) यांच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या प्रचंड समूहाला दीर्घिका म्हणतात. आजही रूढ असलेली आकारानुसार विभागणी अमेरिकी खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांनी १९२६ मध्ये मांडली. लंबवर्तुळाकार, सर्पिल (वळत गेलेल्या भुजांची), दंडयुक्त सर्पिल (मध्यातून ताऱ्यांचा पट्टा गेलेली) आणि अनियमित हे तिचे मुख्य वर्ग; भिंगाकार हा मधला वर्ग त्यांनी १९३६ मध्ये जोडला. आपली आकाशगंगा दंडयुक्त सर्पिल आहे. अनियमित गणली जाणारी शेजारची दीर्घिका, लहान मॅजेलन मेघ, नाशिकच्या क्षितिजावर कधीच येत नाही.

लंबवर्तुळाकार दीर्घिकांना ई-० (गोल) ते ई-७ (चपटी) असे क्रमांक देतात. हा क्रमांक खऱ्या आकाराचा नव्हे, आपल्याला दिसणाऱ्या आकाराचा. लासलगावच्या बाजारातला चपटा कांदासुद्धा देठाकडून पाहिला तर गोलच दिसतो. सर्पिलांचेही तेच. नोव्हेंबरातल्या अमावास्येला शहराचा उजेड मागे टाकून अंजनेरी-हरसूलकडे गेल्यास रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला उंचावर देवयानी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी दिसते. सुमारे २५ लाख प्रकाशवर्षांवरची ही सर्पिल तबकडी इतकी कललेली आहे, की तिचा नुसता लांबट धूसर डाग दिसतो.

फिरणारा वायू थंड होत आकसला की त्याची तबकडी बनते. तिच्यातल्या भुजा ताऱ्यांच्या कायमच्या रांगा नव्हेत. पुरात नाशिकच्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाठी भोवरा पडतो; गोदावरीचे पाणी पुढे जाते, भोवरा तिथेच राहतो. अनेक सर्पिलांत भुजा म्हणजे अशीच दाटीची लाट असते. तारे आणि वायू तिच्यातून जातात, दाटलेल्या वायूतून नवे निळे तारे जन्मतात.

वायू संपला किंवा हिरावला गेला, की भुजा विरतात आणि भिंगाकार दीर्घिका उरू शकते. दोन मोठ्या सर्पिल दीर्घिका एकमेकींत मिसळल्या, तर ताऱ्यांच्या कक्षा विस्कटून लंबवर्तुळाकार दीर्घिका तयार होते. या धामधुमीत वायू संपतो आणि नवे तारे फारसे जन्मत नाहीत, म्हणूनच तिच्यात बहुधा जुने, तांबूस तारे आढळतात. अलार आणि युरी टूम्रे या भावांनी १९७२ मध्ये संगणकी प्रतिकृतींतून अशा गाठीभेटींत ओढल्या जाणाऱ्या ताऱ्यांच्या शेपट्या दाखवल्या. हबल यांच्या मांडणीत लंबवर्तुळाकारांना ‘आधीच्या’ आणि सर्पिलांना ‘नंतरच्या’ म्हणत. तो वयाचा क्रम मानणे चूक आहे.

२०२५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीच्या निरीक्षणांतून ‘अलकनंदा’ ही सुडौल सर्पिल दीर्घिका शोधली. ती महास्फोटानंतर, म्हणजे विश्वाच्या सुरुवातीनंतर, अवघ्या दीड अब्ज वर्षांनीची आहे. इतक्या लवकर तबकडी कशी स्थिरावली, हा प्रश्न तिने पुन्हा ऐरणीवर आणला.