आत्मा नाही, मग पुनर्जन्म कुणाचा? एका जुन्या बौद्ध वादाची पार्श्वभूमी

मागचा जन्म आठवतो असं कुणी म्हणालं की आपल्याकडची चर्चा 'खरं की थाप' एवढ्यावर अडते. बौद्ध परंपरा कायमचा आत्मा नाकारते, पण पुनर्जन्म मानते; त्यामुळे तिथला वाद वेगळ्या जागी झाला. आठवण खरी धरली तरी तिच्यावरून सिद्ध काय होतं, हा तिथला प्रश्न.

दीघनिकाय या बुद्धवचनांच्या पाली संग्रहाच्या सुरुवातीलाच ब्रह्मजाल सुत्त (सुत्त म्हणजे प्रवचन) येतं. त्यात 62 मतांची झाडाझडती आहे. आत्मा आणि जग शाश्वत मानणाऱ्यांचे चार प्रकार सांगितलेत, आणि त्यातले तिघे ध्यानाच्या बळावर मागचे जन्म आठवणारे आहेत. तिथे माझं नाव हे होतं, गोत्र हे, खाणंपिणं असं, इतक्या तपशिलात ते सांगतात. बुद्ध त्यांना खोटारडे म्हणत नाहीत. गल्लत पुढच्या पायरीवर होते: इतके जन्म आठवतात, त्याअर्थी आठवणारा 'मी' कायमचा असणार! त्याच सुत्तातला आणखी एक मासला तर फारच मिश्कील आहे. ब्रह्मलोकातून खाली आलेल्या एकाला तेवढा एकच जन्म आठवतो, त्यामागचं काही नाही. तेवढ्या भांडवलावर तो सांगू लागतो की ब्रह्मा नित्य आहे आणि आपल्या सगळ्यांना त्यानेच घडवलं. म्हणजे आठवण खरी, पण तोकडी.

हाच घोळ पुढे संघातही निघाला. मज्झिमनिकाय या दुसऱ्या संग्रहातली महातण्हासंखय सुत्ताची हकिगत श्रावस्तीच्या जेतवनातली आहे. साती नावाचा भिक्खू, जातीने कोळ्याचा पोर, सांगत सुटला होता की तेच विज्ञान (इथे अर्थ जाणीव, सायन्स नव्हे), जसंच्या तसं, जन्मामागून जन्म फिरत राहतं. सोबत्यांनी परोपरीने समजावलं, पण गडी हटेना. अखेर बुद्धांनी बोलावून घेतलं आणि विचारलं, कुठलं बाबा ते विज्ञान? जे बोलतं, अनुभवतं, बऱ्यावाईट कर्मांची फळं भोगतं ते, साती म्हणाला. त्यावर त्याची चांगलीच कानउघाडणी झाली. डोळा आणि रूप यांच्यामुळे उठलं तर ते चक्षुविज्ञान, कान आणि शब्द यांच्यामुळे उठलं तर श्रोत्रविज्ञान. लाकडावर पेटला तर लाकडाचा विस्तव, शेणावर पेटला तर शेणाचा. कारणाशिवाय विज्ञान उद्भवतच नाही, मग प्रवास कोण करणार? साती खांदे पाडून, मान खाली घालून गप्प बसला, असं सुत्त सांगतं.

त्याला पटलं की नाही कोण जाणे. पण त्याचा प्रश्न काही गप्प बसला नाही.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात तो ग्रीक राजाच्या तोंडी येतो. मिलिंद म्हणजे इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातला मिनँडर. जन्मतो तो तोच की दुसरा, असं तो नागसेन या भिक्खूला विचारतो. उत्तर मिळतं: तोही नाही, दुसराही नाही, रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत यांचं असतं तसंच. मग कर्मातून सुटका झालीच की, हा राजाचा पुढचा डाव. नागसेन त्याला आंबेचोराकडे नेतो. याने लावले ते आंबे वेगळे, मी तोडले ते वेगळे, असं म्हणून चोर सुटेल का?

सगळ्या बौद्धांना एवढ्याने समाधान नव्हतं. वात्सीपुत्रीय या पंथाने 'पुद्गल', म्हणजे एक प्रकारची व्यक्ती, मानला. तो पंचस्कंधांहून (माणूस ज्या पाच घटकांचा बनतो असं बौद्ध मानतात त्यांहून) वेगळाही म्हणता येत नाही आणि एकरूपही म्हणता येत नाही. विरोधकांना हा चोरवाटेने आत घेतलेला आत्माच वाटला आणि वसुबंधू या बौद्ध आचार्याने आपल्या 'अभिधर्मकोश' ग्रंथाच्या शेवटी त्याच्यावर कडाडून हल्ला चढवला. तरी सातव्या शतकात चिनी प्रवासी भिक्खू ह्युएन त्सांग भारतात आला तेव्हा याच मताचे सांमितीय भिक्खू देशात मोठ्या संख्येने होते. योगाचार पंथाने कर्मबीजं साठवणारं आलयविज्ञान, म्हणजे जाणिवेचं कोठार, मांडलं. मृत्यू आणि जन्म यांच्या मधल्या काळावरूनही फाटाफूट झाली. पाली ग्रंथ मानणारा थेरवाद पंथ म्हणतो, च्युतिचित्त (मरतानाचं शेवटचं चित्त) मावळलं की पुढच्याच क्षणी प्रतिसंधिचित्त (नव्या जन्माचं पहिलं चित्त), मध्ये फट नाही. सर्वास्तिवादी पंथाचे लोक मध्ये 'अंतराभव', म्हणजे दोन जन्मांमधली अवस्था, मानत. तिबेटी परंपरेतल्या बार्दो या मधल्या अवस्थेचे 49 दिवस याच कल्पनेच्या कुळातले. थेरवादी बाजू बुद्धघोषाने पाचव्या शतकात श्रीलंकेत 'विसुद्धिमग्ग' ग्रंथात बांधून काढली. त्या ग्रंथाच्या हार्वर्ड आवृत्तीवर गोव्यातल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी काम केलं.

महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न वेगळी धार घेऊन आला. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'च्या प्रस्तावनेत बाबासाहेब आंबेडकर सरळ विचारतात: आत्मा नाही तर कर्म कसं आणि पुनर्जन्म कसा? त्यांची मांडणी भौतिक आहे. मृत्यूनंतर शरीरातली महाभूतं आकाशातल्या आपापल्या राशीला मिळतात. ती पुन्हा एकत्र आली की नवा जन्म, पण तो त्याच माणसाचा असेल असं नाही. मागच्या जन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, हे मत त्यांनी बुद्धांचं म्हणून स्वीकारलंच नाही. गोरगरिबांच्या हालाची जबाबदारी राज्याने आणि समाजाने झटकायला ते सोयीचं पडतं, असा त्यांचा रोख होता.

पाली परंपरा घोकलेल्या पंडिताला हे पचणं अवघडच. बोधीच्या रात्री बुद्धांना स्वतःचे असंख्य जन्म आठवले, असं सुत्तंच सांगतात. पण नागसेनाचा दिवा 'तो की दुसरा' एवढंच उलगडतो. गावकुसाबाहेर जन्मलेल्याला 'हे तुझंच मागचं' म्हणणाऱ्याचं तोंड त्याने बंद होत नाही, आणि माझ्या मते बाबासाहेबांना आधी ते बंद करायचं होतं. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दिलेल्या 22 प्रतिज्ञांत 'माझा नवा जन्म होत आहे' असं एक वचन आहे, आणि तो जन्म याच देहातला आहे. ग्रंथ 1957 साली, त्यांच्या निधनानंतर बाहेर पडला. त्यामुळे त्याच्यावर घेतल्या गेलेल्या आक्षेपांना त्यांचं स्वतःचं उत्तर मिळू शकलं नाही.