पार्श्वभूमी : माळ्यावरून उतरलेल्या गाड्या

स्लॉट कार या खेळण्यातल्या शर्यतीच्या गाडीला स्टिअरिंग नसतं. गाडीच्या पोटाखालची जीभ ट्रॅकमधल्या खाचेत बसते, खाचेच्या दोन्ही बाजूंच्या धातूच्या पट्ट्यांतून मोटारीला वीज मिळते आणि खेळणाऱ्याच्या बोटाखाली असतो एकच खटका. वळणावर तो वेळेत सोडला नाही, तर मागची बाजू फेकली जाते आणि गाडी खाचेबाहेर. सगळं कसब त्या सोडण्यात. म्हणून आठ वर्षांची नात आजोबांना खरोखर हरवू शकते, आजोबांनी मुद्दाम हरायची गरज पडत नाही.

खेळ या रूपात यायला मात्र बराच काळ गेला. खेळण्यातल्या आगगाड्या बनवणाऱ्या अमेरिकेतल्या लायोनेल कंपनीने १९१२ मध्येच विजेवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्या विकायला काढल्या होत्या. १९१५ मध्ये त्या बंद झाल्या. पुढची खटपट हौशी मंडळींची. इंग्लंडमधल्या साउथपोर्टच्या मॉडेल इंजिनिअरिंग क्लबमध्ये १९५४ साली १:३२ प्रमाणातल्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या बत्तिसाव्या हिश्शाएवढ्या लांबीच्या गाड्या धावल्या, पण खाचेत नव्हे, तर रस्त्यावर उंचावलेल्या रुळावर. रस्त्याच्या मधोमध असा बांध दिसायला विद्रूपच. काही वर्षांतच रूळ गेला आणि खाच आली.

हा खेळ घराघरांत नेला तो इंग्लंडमधल्याच फ्रेड फ्रान्सिस यांनी. त्यांची मिनीमॉडेल्स कंपनी १९५२ पासून 'स्केलेक्स' नावाच्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या पत्र्याच्या गाड्या विकत होती. गाडी जमिनीवर दाबून मागे ओढली की पोटाखालचं पाचवं चाक स्प्रिंग गुंडाळायचं. नवलाई ओसरल्यावर फ्रान्सिस यांनी त्यात विजेची मोटार बसवली, रबराचा ट्रॅक केला आणि जानेवारी १९५७ मध्ये हॅरोगेटच्या खेळणी-प्रदर्शनात 'स्केलेक्स्ट्रिक' मांडलं. नावात स्केलेक्स आणि इलेक्ट्रिक यांची सरळ सांधेजोड आहे. सुरुवातीला वेग कमी-जास्त करता येत नव्हता. बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद. मागणी इतकी आली की वर्षभरात, १९५८ मध्ये, फ्रान्सिस यांनी कंपनी लाइन्स ब्रदर्स या खेळणी बनवणाऱ्या कंपनीला विकली. पत्र्याची जागा प्लॅस्टिकने घेतली १९६० मध्ये.

अमेरिकेत त्याच सुमारास अरोरा कंपनीने गाडी आणखी लहान केली, तळहातावर मावेल एवढी. तिची पहिली मोटार दारावरच्या घंटीसारखी कंप पावून चालायची आणि गुणगुणायची. १९६३ मध्ये आली 'थंडरजेट ५००'. जुन्या गाड्या उघडून बसणाऱ्यांना आजही हीच सर्वांत प्रिय, आणि त्याचं कारण तिच्या रचनेत आहे. मोटारीचं आर्मेचर, म्हणजे तिचा फिरणारा भाग, आडवं, चपटं. दोन चुंबक, कार्बनच्या दोन गोल टिकल्या म्हणजे आर्मेचरला वीज पोचवणारे ब्रश, आणि वर उघड्यावर दिसणारी दातेरी चाकं. ही चाकं धरणारी पट्टी एका क्लिपने अडकवलेली. ती सोडवली की आख्खी मोटार टेबलावर सुटी. वीज कुठून आली नि कुठे गेली, हे पोराला बोट ठेवून दाखवता येतं.

मग खेळ घराबाहेर पडला. साठच्या दशकाच्या मध्याला अमेरिकेत तासावर भाड्याने मिळणाऱ्या आठ-आठ लेनच्या मोठ्या ट्रॅकची दुकानं निघाली. तिथे १:२४ च्या गाड्या धावत. पण जिंकण्याच्या ईर्ष्येत गाड्या चपट्या झाल्या, मोटारी महाग झाल्या, आणि खऱ्या गाडीशी नातं सांगणारं काही उरलं नाही. घरून स्वतः जोडलेली गाडी घेऊन आलेल्या मुलाने तिथे करायचं काय? दशक संपेपर्यंत बहुतेक दुकानं बंद पडली. माझ्या मते फॅशन सरली हे निम्मंच कारण. नवख्याला हरायचीही मजा उरली नव्हती.

घरातले संच मात्र खोक्यांत भरून माळ्यावर गेले. म्हणजेच वाचले.

अरोराने १९७४ मध्ये 'मॅग्ना-ट्रॅक्शन' आणलं : गाडीतला चुंबक ट्रॅकच्या लोखंडी पट्ट्यांना ओढून धरतो, त्यामुळे गाडी वळणावर चिकटून राहते. जुन्याचे चाहते यावर नाक मुरडतात, आणि त्यांचं पटतंही. घसरणारी मागची बाजू सांभाळणं हीच तर गंमत. अगदी लहान मुलांसाठी मात्र चुंबक बरा. दर वळणाला गाडी उचलून ठेवावी लागली की रडू येतं. एकाच खाचेत अनेक गाड्या धावू देणारे डिजिटल संच २००४ च्या सुमारास आले, तो विषय वेगळा.

माळ्यावरून उतरलेला संच सहसा मेलेला नसतो, गंजलेला असतो. पट्ट्या घासून काढायच्या. मोठ्या गाडीत वीज टिपणाऱ्या तांब्याच्या तारांच्या वेण्या विंचरून पसरायच्या. आसाला तेलाचा एकच थेंब. जास्त झालं तर ते ब्रशवर जातं आणि गाडी आचके देते. टायर दगड झालेले असतात, त्यांच्या जागी सिलिकॉनचे बसतात. थंडरजेटचे दोन चुंबक परत बसवताना कुठला पुढे, कुठला मागे हे लक्षात ठेवायचं. अदलाबदल झाली तर खटका दाबल्यावर गाडी झोकात उलटी निघते, घरभर हशा पिकतो, आणि क्लिप पुन्हा सोडवावी लागते.