झीज आणि दोष: शॉकअपच्या वॉरंटीतली गल्लत

“सगळी सर्व्हिसिंग शोरूममध्येच केली, गाडी अजून वॉरंटीत आहे, तरी शॉकअपचे पैसे मागतायत.” ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना हे वाक्य नवीन नाही. शोरूमच्या सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचं उत्तरही ठरलेलं असतं: “ये वेअर अ‍ॅण्ड टेअर है, वॉरंटी में नहीं आता.” मग गाडीवाला ‘हा मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्टच आहे’ म्हणून आवाज चढवतो, अ‍ॅडव्हायझर कापूरबावडी ते गायमुखच्या खड्ड्यांकडे बोट दाखवतो आणि शेवटी बिल भरलं जातं. माझ्या मते दोघंही एकाच जागी चुकतात. भाग झिजलेला असेल तर त्यात दोष नाही आणि दोष असेल तर ती झीज नाही, असं दोघांनीही धरलेलं असतं.

झीज सगळ्यांना कळते, त्यावर फार बोलत नाही. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरची रबरं, टायर हे वापरले की संपतात. वॉरंटीच्या पुस्तिकेत ‘नैसर्गिक झीज वगळून’ असं लिहिलेलं असतं ते यांच्यासाठी, आणि ते रास्तच आहे.

आणखी दोन किरकोळ गोष्टी आधीच बाजूला करते. मूळ वॉरंटी आणि एक्स्टेंडेड वॉरंटी यांची यादी एक नसते. मुदत वाढली म्हणून त्यात बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांतली रबरं) आणि शॉकअप आपोआप येत नाहीत, यादी वाचूनच पैसे भरावेत. दुसरं, वेळेवर सर्व्हिसिंग केल्यामुळे वॉरंटी जिवंत राहते, एवढंच. ‘मी एकही सर्व्हिस चुकवली नाही’ हे वाक्य गाडी फुकट दुरुस्त करून देत नाही, पण दावा नाकारण्याचं एक कारण काढून घेतं.

आता मुद्द्याचं. झीज ही भागाची अवस्था आहे. दोष हे त्या अवस्थेमागचं कारण असू शकतं. शॉकअपचं सील गेलं, तेल बाहेर आलं, आता तो गाडीचा झोका थोपवत नाही, ही झाली अवस्था. सील कशामुळे गेलं याची उत्तरं निदान चार निघतात: ७०,००० किलोमीटर चालून रबर कडक झालं, धूळ अडवणारं बूट फाटलं आणि कचऱ्याने रॉडवर ओरखडे पाडले, खड्ड्यात जबरदस्त आपटून रॉड वाकला, किंवा सील मुळातच नीट बसलेलं नव्हतं. या चारही कारणांनी गेलेले शॉकअप वरवर पाहता सारखेच दिसतात, काळे, तेलकट, धूळ चिकटलेले. अ‍ॅडव्हायझर तो ओला शॉकअप दाखवून ‘झिजलाय’ म्हणतो तेव्हा खोटं बोलत नसतो, पण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही देत नसतो. आपला प्रश्न असा हवा: का झिजला, आणि इतक्या लवकर का?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या आहे. कायद्याने किंवा कराराने वस्तूचा जो दर्जा राखायला हवा त्यातली उणीव, असा तिचा आशय. ‘तो भाग झिजणारा असेल तर दोष मानू नये’ असं त्यात कुठेही नाही. झिजणारा भागही सदोष निघू शकतो, ही साधी गोष्ट काउंटरच्या दोन्ही बाजूंना विसरायला होते.

आमच्या गाडीचंच सांगते. १९,४०० किलोमीटरला पुढचा उजवा शॉकअप ओला निघाला. उत्तर आलं, वेअर अ‍ॅण्ड टेअर, साडेसात हजार. मी गाडी लिफ्टवर घ्यायला लावली आणि टॉर्च मागितला. पुढचा डावा शॉकअप कोरडा होता. उजव्याचं बूट शाबूत होतं. रिमवर ठोका नव्हता. चाकांची अलाइनमेंट तपासून घेतली तर आकडे मर्यादेत आले. हे सगळं जॉब कार्डवर, म्हणजे वर्कशॉपच्या नोंदीच्या कागदावर, लिहून घेतलं आणि वॉरंटी नाकारत असाल तर कारण लेखी द्या, एवढंच म्हटलं. सहा दिवसांनी फोन आला, कंपनीने मंजूर केलंय. आवाज चढवावा लागला नाही.

यात डाव्या-उजव्याचा भाग नीट समजून घ्या. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे कडेची खचलेली गटाराची झाकणं, उखडलेले पेव्हर ब्लॉक, सर्व्हिस रोडला उतरतानाची पायरी, हे सगळं डाव्या चाकांच्या वाट्याला जास्त येतं. डावा शॉकअप आधी गेला तर त्यावरून फार काही सिद्ध होत नाही. उजवा आधी गेला आणि डावा ठणठणीत असेल, तर ‘रस्ता खराब’ हे उत्तर लंगडं पडतं. दोन्ही एकाच रस्त्यावर, एकाच वजनाखाली, तेवढेच किलोमीटर चालले आहेत.

‘रस्ते खराब आहेत’ या उत्तराचा मला मनापासून राग येतो. मेट्रो ४ चं काम सुरू झाल्यापासून घोडबंदर रोड कसा आहे हे गाडी विकणाऱ्याला माहीत होतं, त्याचा ग्राहक तिथूनच आलेला असतो. रोजच्या रस्त्यावरून रोज जाणं हा गाडीचा सामान्य वापर आहे, गैरवापर नव्हे. पाच जणांच्या गाडीत सात जण आणि वर कॅरिअर लादून गणपतीला कोकणात जाणं, मूळ मापापेक्षा मोठे अलॉय टाकणं, स्प्रिंग कापून गाडी खाली बसवणं, हा गैरवापर. तिथे कंपनीने हात वर केले तर मी कंपनीच्या बाजूने आहे.

आपटणं मात्र वेगळं, आणि इथे गाडीवाले चुकतात. ऐरोलीला राहणाऱ्या माझ्या मावसभावाची गाडी पावसात शिळफाट्याजवळ पाण्याने भरलेल्या खड्ड्यात गेली. डाव्या रिमला खोक पडली, टायरच्या बाजूला फुगा आला, चाकाला धरून ठेवणारा खालचा दांडा, म्हणजे लोअर आर्म, वाकला. तो महिनाभर ‘डिफेक्ट’ म्हणून भांडत बसला. ती झीज नव्हती आणि दोषही नव्हता. बाहेरून झालेला आघात म्हणजे विम्याच्या ओन डॅमेजचा, स्वतःच्या गाडीच्या नुकसानभरपाईचा विषय, आणि तिथे विमा कंपनीच्या सर्व्हेयरने पाहण्याआधी काही खोलायचं नसतं. त्याने तोवर आर्म बदलूनही टाकला होता. आघात आपल्या खुणा मागे ठेवतो: रिम, टायर, आर्म, अलाइनमेंटचे बिघडलेले आकडे. यांपैकी एकही खूण नसताना कुणी ‘गाडी आपटली आहे’ म्हणत असेल, तर खूण दाखवा म्हणावं. म्हणून अलाइनमेंटची छापील पट्टी फेकू नये. आधीचे आणि नंतरचे आकडे असलेला तो कागद पुढे फार उपयोगी पडतो.

शॉकअप ओलसर दिसला की लगेच घाबरूही नका. रॉड वर-खाली होताना सीलमधून तेलाचा अगदी पातळ थर बाहेर येतो, तो सीलच्या वंगणासाठीच असतो. वरच्या भागात पुसट ओल ही गळती नव्हे. ओघळ खालपर्यंत आला असेल, पुसून आठवडाभर चालवल्यावर पुन्हा आला असेल, तर ती गळती. पावसाळ्यात चिखल आणि पाण्यामुळे फसायला होतं, म्हणून आधी पुसून घ्यायचं.

बुशच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते आणि तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. लोअर आर्मचे बुश बसवताना त्याचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन चाकांवर असताना. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, अशा स्थितीत आवळले तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुश काही महिन्यांत फाटतो. हा दोष कारखान्यातला नसतो आणि झीजही नसते. हाताने केलेल्या कामातली ही चूक आहे. कायद्यात तिच्यासाठी वेगळा शब्द आहे, सेवेतली त्रुटी, आणि तिचं उत्तर कंपनीने नव्हे, डीलरने द्यायचं. वर्षभरापूर्वी त्याच वर्कशॉपमध्ये बदललेला बुश पुन्हा गेला असेल आणि आता ‘वेअर अ‍ॅण्ड टेअर’ ऐकू येत असेल, तर आधी जुनं बिल काढा. बदललेल्या सुट्या भागांना स्वतःची मुदत असते. ती बिलाच्या पाठीमागे बारीक अक्षरात छापलेली सापडते.

आवाजांवरून अंदाज बांधता येतो. बारीक खड्ड्यांवर खडखड झाली तर बहुधा लिंक रॉड, ब्रेक दाबताना धप् झालं तर लोअर आर्मचा बुश, उभ्या गाडीचं स्टीअरिंग फिरवताना करकर झाली तर स्ट्रट माउंट, म्हणजे शॉकअपच्या वरच्या टोकाची बैठक. पण हा आपला अंदाज आहे. जॉब कार्डवर अंदाज लिहू नका, लक्षण लिहा.

आणि ते लिहिलं जातंय का हे सहीआधी वाचा. ‘पुढून उजवीकडून खडखड, २० च्या वेगात, स्पीडब्रेकरवर’ असं आपण सांगतो आणि कागदावर ‘सस्पेन्शन चेक’ उमटतं. त्याहून वाईट म्हणजे ‘जनरल चेकअप’. मग अडीच वर्षांनी शॉकअप गळतो तेव्हा ‘आधी कधी तक्रारच नव्हती’ हे उत्तर तयार असतं. ‘अभी नॉर्मल है, अगली सर्व्हिस में देखेंगे’ असं तोंडी सांगितलं तर तेही कार्डावर लिहायला लावा. दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, तीन वर्षं किंवा १,००,००० किलोमीटर, जी काही मुदत असेल तिच्यात जे आधी संपेल ते धरतात. मुदतीत नोंदलेली तक्रार मुदतीनंतरही तुमच्या बाजूने बोलते, तोंडी तक्रार बोलत नाही.

मला सर्वांत जास्त खटकतं ते जुना भाग तिथेच सोडून येणं. वॉरंटीत बदलला तर तो कंपनीकडे परत जातो, ते ठीक. पण पैसे तुम्ही भरले असतील तर जुना भाग तुमचा आहे. तो पिशवीत घालून घरी आणा, बूट, माउंट, सगळ्यासकट, आणि पुसू नका. बिलावर ‘वॉरंटी नाकारल्यामुळे हरकत नोंदवून रक्कम भरली’ एवढी ओळ लिहा. जुन्या आणि नव्या भागावरचे पार्ट नंबरही ताडून पाहा. शेवटची अक्षरं बदललेली असतील तर कंपनीने त्या भागात काही सुधारणा केलेली असू शकते. तो पुरावा झाला नाही, पण कंपनीला ई-मेलवर विचारावा असा प्रश्न नक्की झाला.

बाहेर अलाइनमेंट केली किंवा वागळे इस्टेटमधल्या ओळखीच्या गॅरेजला ऑइल बदललं म्हणून सगळीच वॉरंटी गेली, ही धमकीही ऐकू येते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची बाजारपेठ स्वतःच्या मुठीत ठेवल्याबद्दल. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. पण त्या आदेशातली भूमिका लक्षात ठेवण्यासारखी आहे: बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नये, बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. बाहेर बदललेल्या ऑइलमुळे शॉकअपचं सील कसं गेलं, हे समजावून सांगा म्हणावं. तरीही वॉरंटीच्या काळात मी स्वतः सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करते, कारण तो वाद घालायला मला सुट्टी काढायची नसते.

इतकं करूनही दावा नाकारला तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. गाडी कुठेही घेतली असली तरी राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. आधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. आयोगापुढे ‘दोष आहे’ हे नुसतं सांगून चालत नाही, तज्ज्ञाचा अहवाल नसल्यामुळे अशा तक्रारी पडतात. चाचणीशिवाय दोष ठरवता येत नसेल तर वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवण्याची तरतूद ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३८ मध्ये आहे, आणि पाठवायला वस्तू लागते, म्हणून जुन्या भागाची ती पिशवी. नवी गाडी मागू नका. क्लचच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली स्पष्ट केलं आहे की वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याचं वचन असेल तर तेवढंच मिळतं, अख्खी गाडी नाही. भागाची किंमत, मजुरी, झालेला त्रास आणि खर्च मागा. तक्रारीत कंपनी आणि डीलर दोघांनाही प्रतिवादी करा, कंपनीविरुद्ध ‘दोष’ आणि डीलरविरुद्ध ‘त्रुटी’ असं वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडून. एकालाच केलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि दुसरा त्या खोलीत हजरच नसतो.