टँट्रम (वेकबोर्डिंगमधील कोलांटी)

वेकबोर्डिंग म्हणजे बोटीला बांधलेल्या दोराचे हँडल धरून, पाय बांधलेल्या फळीवर (बोर्डावर) उभे राहून पाण्यावरून घसरत जाण्याचा खेळ. त्यात बोर्डाच्या टाचेकडील कडेवरून बोटीमागच्या लाटेकडे जायचे आणि तिच्या माथ्यावरून मागे कोलांटी मारायची, या कसरतीला टँट्रम म्हणतात. हवेत डोके खाली व बोर्ड वर जाणाऱ्या कसरतींचे नाव ‘इन्व्हर्ट’. त्यांतला पहिला म्हणून नवखे खेळाडू बहुधा टँट्रम किंवा बॅकरोल ही दुसरी कोलांटी शिकतात. टोनी फिन या कॅलिफोर्नियातील सर्फरच्या, बोटीमागे ओढल्या जाणाऱ्या ‘स्कर्फर’ बोर्डाला १९८५ मध्ये पायपट्टे बसले, आणि पाय फळीला बांधलेले राहिल्यामुळे अशा कसरतींची वाट मोकळी झाली.

बोट साधारण ताशी ३२ ते ३७ किलोमीटर वेगाने धावते आणि दोर वीसएक मीटर लांब असतो. बॅकरोलमध्ये लाट ओलांडेपर्यंत बोर्डाची कड पाण्यात रुतवून ठेवतात, म्हणजे ताणलेला दोरच शरीराला फिरवतो. टँट्रममध्ये याउलट लाटेच्या पायथ्याशी बोर्ड सपाट करून अंग ताठ करतात. माथ्यावर बोर्डाला ठेच लागल्यासारखे होते आणि त्याच क्षणी डोके व खांदे मागे टाकल्यावर कोलांटी पूर्ण होते.

पाण्यावर नीट उतरणे ही खरी कठीण बाब आहे, पण तिचा निकाल बहुतांशी उडण्यापूर्वीच लागलेला असतो. डोके माथ्यावर पोहोचण्याआधीच मागे टाकले, तर लाटेची उचल मिळत नाही आणि फेरा अर्धवट राहतो. ही घाई नवख्यांची सर्वांत मोठी चूक मानावी लागेल. दुसरी चूक हातांची: हँडल कमरेजवळ न राहता हात लांबले, की बोट छाती पुढे ओढते, बोर्ड मागे राहतो, त्याची कड पाण्यात अडकते आणि खेळाडू तोंडावर आपटतो. म्हणून फेऱ्याच्या उत्तरार्धात नजरेने पाणी शोधून, गुडघे वाकवून, बोटीच्या ओढीविरुद्ध भार टाकत उतरतात.

अशा आपटण्यात मेंदूला धक्का बसू शकतो, कानाचा पडदा फाटू शकतो; वेकबोर्डचे बूट पडताना सहसा सुटत नसल्याने गुडघ्यांवरही ताण येतो. त्यामुळे फेऱ्याचा सराव आधी ट्रॅम्पोलिनवर, बांधलेल्या दोराचे हँडल धरून करणे शहाणपणाचे ठरते. टँट्रम पक्का झाल्यावर कोलांटीला अंगाची अर्धी गिरकी जोडून बोटीकडे पाठ करून उतरण्याचा प्रकार शिकतात. त्याला ‘टँट्रम टू ब्लाइंड’ म्हणतात.