माल आवक (ऑनलाइन दुकान-प्रणालीतील)

पुरवठादाराकडून आलेला माल उतरवून घेणे, मोजणे, तपासणे आणि नोंद करून विक्रीच्या शिल्लकेत घेणे, या कामांच्या साखळीला माल आवक म्हणतात. गोदामातल्या आवक वहीत लिहिलेला आकडा संध्याकाळपर्यंत वहीतच राही; चुकला तर खोडून दुरुस्त करता येई. ऑनलाइन दुकानात तसे नाही. पडद्यावर माल स्वीकारला की काही क्षणांत तो आकडा दुकानाच्या पानावर दिसतो आणि गिऱ्हाईक त्यावर विसंबून पैसे भरते. म्हणूनच प्रणालीच्या नव्या आवृत्तीत आवकेचा पडदा बदलला, एखादा रकाना हलला किंवा बटणाचा अर्थ बदलला, तर त्याचा परिणाम गोदामात थांबत नाही. असे बदल कसे होतात आणि ते कसे निभावले जातात, हा या नोंदीचा विषय आहे.

टप्पे : नेहमीचा क्रम असा. आधी खरेदी आदेश, म्हणजे बोलण्यातला ‘पीओ’. मग मालासोबत आलेले चलन, म्हणजे पाठवलेल्या मालाची यादी. त्यावरून मोजणी व तुटफूट पाहणे, त्यानंतर माल मिळाल्याची नोंद (‘जीआरएन’), माल जागेवर लावणे आणि शेवटी पीओ, जीआरएन व पुरवठादाराचे बिल यांचा तिहेरी ताळा. सगळ्याच प्रणालींत हे टप्पे नसतात. वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या प्रणालीच्या मूळ रूपात वस्तूपुढे शिल्लकेचा एकच आकडा असतो. आवक ही वेगळी नोंद तिथे नाही, ती जोड-प्रणालीतून आणावी लागते. उलट ओडू या खरेदी, साठा व हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या प्रणालीत माल थेट साठ्यात घेता येतो, आधी उतरवण्याच्या जागी आणि मग साठ्यात असा दोन पायऱ्यांनी घेता येतो, किंवा मध्ये गुणवत्ता तपासणीची तिसरी पायरी ठेवता येते.

या साखळीत दोन क्षण सर्वांत नाजूक असतात. हाताने मोजलेला आकडा पडद्यावर चढतो तो एक, आणि तो आकडा विक्रीला खुला होतो तो दुसरा. आवकेच्या पद्धतीतला कोणताही बदल तपासताना पडद्याच्या रंगरूपापेक्षा या दोन क्षणांचे काय झाले, हे पाहावे.

पहिल्या क्षणातला बदल : बेल्जियममध्ये 2005 साली टायनीईआरपी या नावाने सुरू झालेल्या ओडूची 17 वी आवृत्ती नोव्हेंबर 2023 मध्ये आली. 16 व्या आवृत्तीपर्यंत आवकेच्या नोंदीत मागवलेली संख्या एका रकान्यात असे आणि ‘डन’ हा दुसरा रकाना शून्यावर उभा असे. माल मोजायचा आणि तिथे आकडा भरायचा. काहीच न भरता ‘व्हॅलिडेट’ (नोंद पुरी करा) हे बटण दाबले तर प्रणाली थांबून विचारी, की मिळालेली संख्या नोंदवलेली नाही, सगळा माल आला असे धरू का? 17 व्या आवृत्तीत हा शून्याचा रकाना गेला. आवक पक्की होताच संख्येच्या रकान्यात मागवलेला आकडा आधीच भरून येतो आणि ओळीपुढे ‘पिक्ड’ म्हणजे ‘घेतले’ अशी खूण करण्याची सोय असते. एकाही ओळीवर खूण नसताना ‘व्हॅलिडेट’ दाबले, तर सगळ्या ओळी आहे त्या आकड्याने पुऱ्या होतात.

पुरवठादार चोख असेल तर यात वेळ वाचतो, हे मान्य केले पाहिजे. पण 48 डबे मागवले, 45 आले, आणि घाईत बटण दाबले गेले की तीन डबे कागदावर जन्माला येतात. संकेतस्थळ ते विकते. बिल ‘मिळालेल्या संख्येवर’ अदा करण्याची सोय लावलेली असेल, तर पुरवठादाराचे 48 चे बिलही निमूट जुळते, आणि तिहेरी ताळा ज्या चुकीसाठी असतो तीच त्याच्या हातून निसटते. जुना शून्याचा रकाना कारकुनाला मोजायला भाग पाडत होता. ती सक्ती प्रणालीतून गेली, म्हणून गोदामाने ती स्वतःवर घातली पाहिजे. उपाय जुनाच आहे : आकडा झाकून मोजणे. माल उतरवणाऱ्याच्या हाती फक्त वस्तूंची नावे असलेला कागद द्यायचा, त्यावर त्याने आपली मोजणी लिहायची आणि दुसऱ्याने ती पडद्यावर चढवायची. यासाठी जास्तीचा माणूस लागतो अशी तक्रार होते आणि लहान दुकानात ती खरीही असते. पण तिथेही एकाच माणसाने आधी कागद, मग पडदा असा क्रम पाळला तरी बराच फरक पडतो.

दुसऱ्या क्षणातला बदल : मॅजेंटो या दुकान-प्रणालीच्या नोव्हेंबर 2018 मध्ये आलेल्या 2.3 आवृत्तीने शिल्लकेची कल्पनाच बदलली. त्याआधी वस्तूचा एकच साठा असे आणि ऑर्डर पडताच त्यातून संख्या वजा होई. नव्या रचनेत प्रत्येक गोदाम हा वेगळा ‘स्रोत’ झाला. ऑर्डर पडल्यावर स्रोतातली संख्या तशीच राहते, फक्त एक राखीव नोंद पडते. प्रत्यक्ष वजाबाकी माल रवाना होताना होते. दुकानात दिसतो तो ‘विक्रीयोग्य’ आकडा, म्हणजे स्रोतांची बेरीज वजा राखीव नोंदी.

हा बदल गोदामाच्या बाजूचा होता, कारण स्रोताचा आकडा आता फळीवरच्या मालाशी जुळू लागला. तरी आवकेची जुनी सवय इथे घात करते. फळीवर 10 नग आहेत, त्यांतले 3 विकले गेले पण अजून बांधायचे आहेत, आणि नवे 20 आले. जुन्या प्रणालीत शिल्लक 7 दिसे, म्हणून कारकून 27 लिही आणि ते बरोबर असे. नव्या प्रणालीत स्रोतात 30 लिहायला हवेत. सवयीने 27 लिहिले तर राखीव 3 पुन्हा वजा होऊन दुकानात 24 दिसतात. माल फळीवर आहे, पण विकता येत नाही. जास्त विक्री झाली तर गिऱ्हाईक फोन करून ओरडते. अशी कमी विक्री मात्र महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. बाहेरून आकडे पाठवणाऱ्या जोड-प्रणालींनीही हीच चूक करू नये म्हणून त्या कोणता आकडा वाचतात आणि कुठे लिहितात, हे बदलाआधी तपासावे लागते.

शॉपिफाय या दुकान-प्रणालीत हातातला साठा हा विक्रीला उपलब्ध, ऑर्डरसाठी बांधील आणि अनुपलब्ध अशा तीन भागांची बेरीज असतो. वाटेतला माल त्याबाहेर, वेगळा दाखवला जातो. आवक करताना नग स्वीकारता किंवा नाकारता येतात आणि नाकारलेले शिल्लकेत येत नाहीत. फुटका पण गोदामातच राहणार असलेला माल मात्र अनुपलब्ध गटात टाकणे योग्य, म्हणजे तो मोजणीत दिसतो आणि विकला जात नाही.

बदल निभावणे : स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रणालीत नवी आवृत्ती कधी घ्यायची हे दुकानदार ठरवू शकतो, कंपनीच्याच सर्व्हरवर चालणाऱ्या भाड्याच्या (‘क्लाउड’) प्रणालीत बदल आपोआप येतो, तिथे हाती राहते ती फक्त तयारी. निवड करता येत असेल तर महाराष्ट्रातल्या दुकानांनी गणपती ते दिवाळी हा काळ टाळावा. अडचण खरी येते ती अर्धवट आवकांची. शंभरातले साठ आले आणि चाळीस वाटेत आहेत, असा पीओ जुन्या प्रणालीतून नव्या प्रणालीत जाताना हमखास बिघडतो. शक्य तितके असे पीओ आधी पुरे करावेत, उरलेल्यांची बाकी संख्या नव्या पीओवर घ्यावी आणि टेबलावर उघडून ठेवलेल्या खोक्यांवर ‘नोंद झाली’ किंवा ‘नोंद बाकी’ अशी चिठ्ठी चिकटवावी. ही चिठ्ठी क्षुल्लक वाटते, पण बदलाच्या दिवशी एकच खोके दोनदा आवक होण्यापासून तीच वाचवते.

चाचणीच्या प्रतीवर सरळ आलेला माल घेऊन पाहणे पुरेसे नसते. कमी आलेला, जास्त आलेला, फुटका, भलताच, पीओ नसलेला आणि दोन वेगळ्या मुदतींचा माल घेऊन पाहावा; पद्धत मोडते ती अशाच ठिकाणी. कमी माल आल्यावर प्रणाली ‘बॅकऑर्डर’ (उरलेल्या मालाची वेगळी नोंद) करू का असे विचारते तेव्हा नाही म्हटले तर उरलेली मागणी बंद होते, हे गोदामातल्या प्रत्येकाला माहीत हवे. सूचना मराठीत लिहाव्यात, पण बटणांची नावे पडद्यावर दिसतात तशीच ठेवावीत, नाहीतर वाचणारा भाषांतर शोधत बसतो.

याद्या एक्सेलमधून हलवताना बारकोडचे हाल होतात. भारतातल्या नोंदणीचे 890 ने सुरू होणारे 13 अंकी बारकोड त्यात 8.9 ई+12 अशा रूपात दिसू लागतात आणि तसेच जतन झाले तर शेवटचे अंक कायमचे जातात; शून्याने सुरू होणाऱ्या सांकेतांकांचे पुढचे शून्य गळते. तो रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवून घ्यावा. बदलानंतर दोन आठवडे तरी त्या त्या दिवशी आलेल्या वस्तूंची संध्याकाळी फळीवर फेरमोजणी करावी. सगळ्या गोदामाची मोजणी त्या काळात झेपत नाही आणि तिची गरजही नसते.

कराची बाजू : भारतात आवकेच्या तारखेला कायद्याचे वजन आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 16 नुसार माल प्रत्यक्ष मिळाल्याशिवाय त्यावर भरलेल्या कराची वजावट घेता येत नाही. एकाच बिलाचा माल हप्त्यांनी आला, तर शेवटचा हप्ता मिळाल्यावरच ती मिळते. म्हणून नवी प्रणाली एका पीओच्या आवका वेगवेगळ्या क्रमांकांनी फोडत असेल, तर त्या सगळ्या मूळ बिलाशी जोडलेल्या राहतात का आणि शेवटच्या हप्त्याची तारीख सहज काढता येते का, हे हिशेबनिसाने बदलाआधी पाहून घ्यावे.

चुकीची दुरुस्ती : चुकीने जास्त आवक झाली की शिल्लक थेट सुधारून टाकण्याचा मोह होतो. त्याने आकडा बरोबर होतो, पण पुरवठादाराच्या नावावर चुकीची आवक तशीच राहते आणि बिल तिच्यावरून निघते. ओडूमध्ये पुरी झालेली आवक रद्द होत नाही, तिचा परतावा नोंदवता येतो. तीन डबे आलेच नव्हते तर त्या तिघांचा परतावा दाखवावा, म्हणजे शिल्लक आणि देणे दोन्ही एकदम खाली येतात. थेट शिल्लक दुरुस्ती चोरी, उंदीर, गळती अशा घटींसाठी राखून ठेवावी आणि प्रत्येक वेळी तिच्यापुढे कारण लिहावे.