छळाच्या काळातली सामुदायिक प्रार्थना (आरंभीची ख्रिस्ती मंडळी)

पहिल्या तीन शतकांत रोमन साम्राज्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांवर अटक, मारहाण, मृत्युदंड असं काही आलं की ते लोक एकत्र जमून प्रार्थना करायचे, त्या प्रथेबद्दलची ही नोंद. सुरुवात इ.स. ३० नंतरच्या यरुशलेममध्ये होते आणि ३११ ते ३१३ च्या दरम्यान साम्राज्याने छळ अधिकृतपणे बंद केला तिथपर्यंत हा काळ धरतात (पर्शियात चौथ्या शतकात वेगळा मोठा छळ झाला, तो इथे घेतलेला नाही). या विषयावर प्रवचनांत एक वाक्य हमखास ऐकू येतं की त्या लोकांनी सुटका कधी मागितलीच नाही, मागितलं ते फक्त धैर्य. ऐकायला भारी वाटतं पण अर्धंच खरं आहे. धैर्य मागितलं, सुटकाही मागितली, ज्याच्या नावाने छळ चालला होता त्या बादशहासाठीही मागितलं, आणि एका ठिकाणी तर आमच्यातल्या एका बाईचं मरण पुढे ढकललं जाऊ नये म्हणूनही मागितलं. मागणं बदलत गेलं, मागायची पद्धत मात्र एकच राहिली, सगळ्यांनी मिळून.

यरुशलेममधले दोन प्रसंग

सगळ्यात जास्त सांगितला जातो तो प्रसंग बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला, अध्याय ४ मधला. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यांनी मंदिराच्या 'सुंदर' नावाच्या दरवाजापाशी बसणाऱ्या, जन्मापासून पांगळ्या असलेल्या माणसाला बरं केलं, त्यावरून गर्दी जमली, भाषण झालं, आणि मंदिराच्या सरदाराने दोघांना धरून रात्रभर कोठडीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी हन्ना, कयफा वगैरे मोठमोठ्या याजकांसमोर उभं केलं पण बरा झालेला माणूस तिथेच शेजारी उभा, त्यामुळे शिक्षा करायला काही सापडेना, मग येशूच्या नावाने पुन्हा बोलायचं नाही असा दम देऊन सोडलं. हे दोघं सुटले ते थेट आपल्या लोकांकडे गेले आणि झालेलं सगळं सांगितलं.

त्यानंतरची प्रार्थना नीट वाचली तर तिची रचना लक्षात येते. आधी देव कोण आहे हे म्हटलंय, आकाश, पृथ्वी, समुद्र निर्माण करणारा, म्हणजे धमकी देणाऱ्यांपेक्षा मोठा. मग ज्यू शास्त्रातलं दुसरं स्तोत्र घेतलंय, राष्ट्रं खवळली आणि पृथ्वीचे राजे देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध (देवाने निवडलेल्या राजाविरुद्ध) एक झाले ते, आणि लगेच त्याला आपल्या शहरातली नावं जोडलीत, हेरोद, पंतय पिलात, परराष्ट्रीय आणि इस्राएलचे लोक. जुनं स्तोत्र उचलून चालू घडामोडीवर ठेवायचं ही ज्यू प्रार्थनेतली सवयच होती, आणि हे सगळे ज्यूच होते हे आपण विसरतो. मागणी येते सगळ्यात शेवटी, तीही दोन ओळींची, त्यांच्या धमक्यांकडे बघ आणि तुझ्या दासांना पूर्ण धैर्याने बोलू दे, आणि बरं करायला तुझा हात पुढे कर. धमक्या देणाऱ्यांचं काय करायचं ते देवावर सोडलंय, त्यांचा नाश कर असं म्हटलेलं नाही. पुढे जागा हादरली आणि सगळे पवित्र आत्म्याने भरले असं लिहिलंय. पण छळ थांबला का, तर नाही, पाचव्याच अध्यायात पुन्हा अटक आहे आणि या वेळी फटकेही आहेत.

दुसरा प्रसंग बाराव्या अध्यायातला, आणि माझ्या मते जास्त इंटरेस्टिंग हाच आहे. हेरोद अग्रिप्पा पहिला (वरच्या प्रार्थनेतला हेरोद नव्हे; यहूदियावर याचं राज्य ४१ ते ४४) याने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारलं, लोकांना ते आवडलं म्हणून पेत्रालाही धरलं, वल्हांडणाचा ज्यू सण झाल्यावर बाहेर काढू म्हणून चार-चार शिपायांच्या चार तुकड्यांच्या पहाऱ्यात ठेवलं. मंडळी त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करत होती. आता इथे नुसतं धैर्य मागत होते असं कुणी म्हणू नये, माणूस दुसऱ्या दिवशी मरणार असताना घरात रात्रभर जागणारे लोक काय मागत असतील ते कळायला अवघड नाही. तिकडे पेत्र दोन शिपायांच्या मध्ये साखळ्यांत झोपलेला, देवदूत येऊन त्याला बाहेर काढतो आणि तो मार्क म्हटलेल्या योहानाची (हा वेगळा योहान) आई मरिया हिच्या घरी येऊन दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते, आणि आत बसलेले प्रार्थना करणारे तिला म्हणतात तुला वेड लागलंय. ती ठामच राहिली तर म्हणे त्याचा देवदूत असेल. पेत्र आपला बाहेर ठोठावतोय.

ज्याच्यासाठी जागरण चाललं होतं तो दारात आला तर त्यांचा विश्वास बसेना. लेखकाने हे झाकलं नाही, आणि याकोब का वाचला नाही याचं स्पष्टीकरणही दिलं नाही, त्याचं मरण एका वाक्यात उरकलंय. पेत्राच्या जागी पहारेकऱ्यांना मृत्युदंड झाला तेही तसंच एका वाक्यात.

जमणं हाच गुन्हा

इथे एक मुद्दा सहसा राहून जातो. रोमन अधिकाऱ्यांना घरात एकट्याने कोण काय पुटपुटतो याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं, त्यांना खुपायचं ते परवानगीशिवाय ठरावीक वेळी जमणारं टोळकं. सम्राट त्राजान याबाबत इतका संशयी होता की निकोमेदिया शहरात मोठी आग लागल्यावर गव्हर्नर धाकटा प्लिनी याने १५० माणसांचं आग विझवणारं पथक काढू का म्हणून विचारलं तर त्यालाही नाही म्हणाला, कारण असली मंडळं पुढे राजकारण करतात. याच प्लिनीने ११२ च्या सुमारास बिथिनिया-पोंतुसमधून (आजच्या तुर्कस्तानचा उत्तर भाग) त्राजानला ख्रिस्ती लोकांबद्दल पत्र लिहिलं. त्यात चौकशीत कळलेलं असं, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आधी जमतात, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणतात, आणि शपथ घेतात ती कटाची नाही तर चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू बुडवणार नाही अशी. खात्री करायला त्याने दोन गुलाम बायकांचा छळ केला ज्यांना मंडळीत सेविका म्हणायचे, आणि हाती लागली ती त्याच्या मते फालतू अंधश्रद्धा. पहाटेची वेळ का, याचं साधं कारण असंही असू शकतं की यातले बरेच जण गुलाम आणि कष्टकरी, दिवस उजाडला की मालकाचं काम सुरू.

जमायचे कुठे, तर घरात. भुयारी दफनभूमीत लपून प्रार्थना करायचे हे सिनेमातलं चित्र आहे, रोमची कॅटाकोंब ही दफनाची जागा होती आणि ती अधिकाऱ्यांना माहीत होती. घरातली जागा प्रत्यक्ष कशी होती ते सीरियात फरात नदीकाठच्या दुरा-युरोपोसला सापडलंय, साध्या घरातली दोन खोल्यांमधली भिंत काढून केलेला हॉल, साधारण ६५ ते ७५ माणसं मावतील एवढा. २५६ च्या सुमारास पर्शियन वेढ्यात शहर पडलं आणि तटबंदीसाठी टाकलेल्या भरावाखाली हे घर टिकून राहिलं.

रोमच्या मंडळीने पहिल्या शतकाच्या शेवटी ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला पाठवलेल्या पत्रात (क्लेमेंतच्या नावाने ओळखतात ते) शेवटाकडे एक लांब प्रार्थना आहे, त्यात संकटात असलेल्यांना वाचव, पडलेल्यांना उभं कर, आमच्या कैद्यांना सोडव असं स्पष्ट मागणं आहे, आणि लगेच पुढे राज्यकर्त्यांना आरोग्य, शांती, स्थैर्य दे असंही आहे. कैदी सोडव आणि कैद करणाऱ्याला आरोग्य दे, एकाच दमात. उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यान १९७ च्या सुमारास हेच जरा तोऱ्यात सांगतो, आम्ही जमून जणू फौज घेऊन प्रार्थनेने देवाला घेराव घालतो आणि ही जबरदस्ती देवाला आवडते. त्याने महिन्याच्या वर्गणीचाही हिशोब सांगितलाय, पैसा अनाथ, म्हातारे, जहाज फुटलेले, आणि विश्वासापायी खाणीत, बेटावर किंवा तुरुंगात टाकलेले यांच्यावर खर्च व्हायचा. म्हणजे कैद्यासाठी प्रार्थना आणि कैद्याला भाकरी हे खातं एकच होतं.

कार्थेजचा तुरुंग, २०३

सगळ्यात अंगावर येणारी नोंद पेर्पेतुआ आणि फेलिसितास यांच्या वृत्तांतात आहे, खेळांत श्वापदांपुढे टाकायची शिक्षा झालेल्या ख्रिस्ती कैद्यांच्या. पेर्पेतुआ साधारण २२ वर्षांची, चांगल्या घरातली, अंगावर पिणारं मूल असलेली, आणि फेलिसितास गुलाम, आठ महिन्यांची गरोदर. रोमन कायद्यात गरोदर बाईला मृत्युदंड देता येत नसे, म्हणून तिला काळजी लागली ती वेगळीच, की आपलं मरण पुढे ढकललं जाईल आणि नंतर कुठल्यातरी खुनी-दरोडेखोरांबरोबर एकटीने मरावं लागेल. सोबत्यांनाही तिला मागे ठेवून जाववेना. खेळाच्या दोन दिवस आधी सगळ्यांनी मिळून एकच आक्रोश करत प्रार्थना केली आणि लगेच कळा सुरू झाल्या. ती कण्हत असताना पहारेकरी म्हणाला, आत्ताच एवढी रडतेस तर श्वापदांपुढे टाकल्यावर काय करशील. ती म्हणाली, आत्ता जे सोसतेय ते मी सोसतेय, तिथे माझ्या आत दुसरा कुणी असेल जो माझ्यासाठी सोसेल. मुलगी झाली, मंडळीतल्या एका बहिणीने ती आपली म्हणून वाढवली.

आजच्या वाचकाला ही प्रार्थना पचायला जड जाते आणि जावीच. पण त्यातलं मुख्य मागणं मरणाचं नाही तर सोबतीचं आहे, एकटं पडू नये हे.

एकी मोडली तेव्हा

२५० पर्यंतचे छळ बहुतेक स्थानिक होते, एखादा गव्हर्नर कडक, एखाद्या गावात जमाव भडकला, असे. सम्राट देकियुसने मात्र सगळ्या साम्राज्याला देवांना बळी अर्पण करायचा हुकूम काढला आणि केल्याचं सर्टिफिकेट घ्यायला लावलं. आपल्याकडच्या सरकारी दाखल्यासारखंच, अर्जदाराचं नाव, गाव, समोर नैवेद्य खाल्ला, सही, तारीख. इजिप्तमध्ये असे चाळीसहून जास्त दाखले पपायरसवर सापडलेत. हजारो ख्रिस्ती लोकांनी बळी दिला किंवा पैसे चारून दाखला मिळवला. छळाच्या कथांमध्ये हा भाग पटकन गुंडाळतात, पण हा नसेल तर बाकीचं खोटं वाटतं.

कार्थेजचा बिशप सिप्रियान तेव्हा लपला होता (त्यावरूनही त्याला बोलणी बसली) आणि लपून पत्रं लिहीत होता. एका पत्रात तो एका दर्शनाबद्दल सांगतो, मागा म्हणजे मिळेल असा आवाज आला, काही ठरावीक लोकांसाठी मागायला सांगितलं, पण मागताना आवाज जुळेनात, मनं वेगवेगळी, आणि हे देवाला फार खटकलं. त्याचं निदान असं की संकट आलं ते आपण एका मनाने मागत नाही म्हणून. पुढे साधारण २५२ मध्ये प्रभूच्या प्रार्थनेवर (येशूने शिकवलेली 'हे आमच्या बापा') लिहिताना तो म्हणतो आपण 'माझ्या बापा' म्हणत नाही, 'आमच्या' म्हणतो, कारण आपली प्रार्थना सार्वजनिक आहे. बिशप म्हणून शिस्त लावायचा त्याचा हेतू यात दिसतोच, बळी देऊन पडलेल्यांना परत घ्यायचं की नाही यावरून मंडळी फुटायला आली होती. तरी रोमचा बिशप कॉर्नेलियुस हद्दपार झाल्यावर सिप्रियानने त्याला लिहिलेलं पत्र नुसतं शिस्तीचं नाही, एकमेकांसाठी प्रार्थना करत राहू आणि आपल्यातला जो आधी जाईल त्याची प्रार्थना तिकडूनही थांबू नये. कॉर्नेलियुस २५३ मध्ये गेला, सिप्रियानचं डोकं १४ सप्टेंबर २५८ ला उडवलं.

दियोक्लेतियानने २३ फेब्रुवारी ३०३ ला सुरू केलेल्या शेवटच्या मोठ्या छळात चर्च पाडणं, ग्रंथ जाळणं आणि जमायला बंदी हे तिन्ही आलं. आजच्या ट्युनिशियात अबितिने नावाच्या गावात बिशपने शास्त्राचे ग्रंथ अधिकाऱ्यांच्या हवाली करून टाकले होते, तरी ३०४ मध्ये घरात जमलेले ४९ जण पकडले गेले. त्यांच्यातला एमेरितुस चौकशीत म्हणाला माझ्या घरात जमलो, आणि लोकांना येऊ का दिलंस विचारल्यावर म्हणाला, रविवारच्या उपासनेशिवाय आम्हाला जमतच नाही.

३० एप्रिल ३११ ला मरणाच्या दारात असलेल्या सम्राट गालेरियुसने छळ थांबवल्याचा जाहीरनामा काढला. त्यात माफी वगैरे नाही, उलट या लोकांचा हट्टीपणाच सांगितलाय, पण शेवटी अट अशी की या सवलतीच्या बदल्यात त्यांनी आमच्या, राज्याच्या आणि स्वतःच्या सुरक्षेसाठी आपल्या देवाची प्रार्थना करावी. ती तर ते क्लेमेंतच्या काळापासून करतच होते. काही दिवसांत गालेरियुस मेला, आणि ३१३ मध्ये कॉन्स्टंटाइन आणि लिकिनियुस यांनी मिलानमध्ये ठरवल्याप्रमाणे जप्त केलेल्या जागा परत मिळायला लागल्या. कैद्यांसाठीची ओळ मात्र उपासनेतून गेली नाही, पूर्वेकडच्या चर्चमध्ये बंदिवानांसाठीची विनंती अजून गातात आणि रोमन परंपरेत गुड फ्रायडेच्या विनंत्यांमध्ये तुरुंग उघडावेत, बेड्या सुटाव्यात असं अजून म्हणतात.